पोळी-भाजी केंद्राचा फोन आणि रूटचा प्रश्न

लालबागला माझ्या मावशीचं पोळी-भाजी केंद्र आहे. दुपारी करी रोड आणि लोअर परळच्या ऑफिसांतली माणसं डबे न्यायला येतात, संध्याकाळी आसपासच्या चाळींतून आणि टॉवरांतून पोळ्यांची मागणी असते. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर, किराणा आणि गॅसची बिलंही त्याच एका फोनवरून. फोन ११-१२ हजारांच्या वर्गातला, ६४ जीबी स्टोरेज, ४ जीबी रॅम, अँड्रॉइड १२. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीच्या बहुतेक फोनांची गत थोड्याफार फरकाने हीच असते.

गणपतीच्या तोंडावर हा फोन अडायला लागला. मावशीचा मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने उपाय सुचवला: फोन रूट करायचा, म्हणजे कंपनी देत नाही तो सिस्टिमचा पूर्ण ताबा मिळवायचा, आणि कंपनीने भरून दिलेली सगळी ॲप्स मुळासकट उपटून टाकायची. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात जाऊन तो भावही काढून आला होता. मावशीने मला विचारलं, कारण माझं काम मोबाइल ॲप तपासण्याचं आहे आणि रूट केलेले फोन माझ्या टेबलावर कायम पडलेले असतात. तिचा प्रश्न साधा होता. "हा म्हणतो, फोन नव्यासारखा होईल. करू देऊ का गं?"

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण म्हणजे हा प्रश्न घरोघरी येतो आणि उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणतो, बिनधास्त कर, काही होत नाही. दुसरा म्हणतो, त्या भानगडीत पडूच नकोस. फोन उघडून नक्की काय दुखतंय हे दोघंही बघत नाहीत.

तक्रार एक नव्हती

मी आधी मावशीलाच बोलतं केलं. लॉक स्क्रीनवर दर वेळी नवं चित्र येतं, खाली कसली तरी बातमी असते, कणकेचे हात लागले की भलतंच पान उघडतं. अपडेट झालं की न मागता दोन-तीन गेम येऊन बसतात. कर्ज घ्या, क्रिकेट बघा, बक्षीस जिंका असल्या सूचनांच्या गर्दीत गिऱ्हाइकाचा मेसेज हरवतो. "जागा संपली" असं सारखं येतं आणि गिऱ्हाइकाने पाठवलेला पेमेंटचा स्क्रीनशॉट उतरतच नाही. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारं म्हणजे दुपारी एकच्या सुमारास, काउंटरवर रांग असताना, पेमेंटचं ॲप उघडायला लागणारा वेळ. साउंडबॉक्स बहुतेक वेळा बोलतो, पण एखाद्याचे पैसे अडकले की तिला फोनमध्येच बघावं लागतं, आणि मागचा माणूस घड्याळ बघत उभा असतो.

मुलाच्या लेखी या सगळ्याचं कारण एकच होतं: कंपनीचा कचरा. लॉक स्क्रीन, गेम आणि सूचना यांच्यापुरतं त्याचं खरं होतं. उरलेल्या दोन तक्रारींचं मूळ वेगळं निघालं.

सेटिंग्जमधलं स्टोरेजचं पान उघडलं. सिस्टिम सुमारे १६ जीबी. फोटो आणि व्हिडिओ १० च्या आसपास. सगळी ॲप्स मिळून १२-१३. आणि एकट्या व्हॉट्सॲपचे २० जीबीहून जास्त. त्यात काय होतं? वर्षानुवर्षांचे सुप्रभातचे फोटो, सोसायटीच्या ग्रुपवरचे व्हिडिओ, एकच मोदकाचा फोटो पंधरा जणांनी पुढे पाठवलेला. फोनसोबत आलेल्या नको असलेल्या ॲप्सनी, त्यांच्या अपडेट आणि कॅशसकट (कॅश म्हणजे ॲपने तात्पुरती साठवलेली माहिती), मावशीच्या वाट्याची जागा खाल्ली होती ती जेमतेम ३ जीबी. फोन गळ्यापर्यंत भरला की हळू चालणारच, कारण अशा मेमरीला लिहायला मोकळी जागा लागते. दुपारच्या रांगेतला खोळंबा बराचसा इथून येत होता.

रूट करून जागा मिळते का

इथे मी थोडी रेंगाळते, कारण रूट करायला निघालेल्या बहुतेकांच्या मनात हीच आशा असते.

अँड्रॉइड फोनची साठवण वेगवेगळ्या पार्टिशनमध्ये, म्हणजे कप्प्यांमध्ये, विभागलेली असते. फोनसोबत आलेली मूळ ॲप्स सिस्टिमच्या पार्टिशनमध्ये असतात आणि ते फक्त वाचण्यापुरतं उघडं असतं. आपले फोटो, आपली ॲप्स, मूळ ॲप्सची नंतर आलेली अपडेट्स हे सगळं डेटाच्या पार्टिशनमध्ये जातं. या दोन्हींची मापं ठरलेली असतात. सिस्टिममधून एखादं ॲप खरोखर पुसता आलं तरी मोकळी झालेली जागा सिस्टिमच्याच हद्दीत राहते. शेजारच्या खोलीतला माळा रिकामा केला म्हणून आपली खोली मोठी होत नाही, तसं.

शिवाय हल्ली पुसणंही सोपं राहिलेलं नाही. अँड्रॉइड १० पासून डायनॅमिक पार्टिशन आली, म्हणजे सिस्टिमचे कप्पे एकाच मोठ्या कप्प्याच्या आत बसवले गेले. आता अनेक फोनांत सिस्टिम ईआरओएफएससारख्या फक्त वाचता येणाऱ्या फॉरमॅटमध्ये असते, आणि त्यात काही लिहिणं किंवा पुसणं रूट मिळूनही जमत नाही. २०१६ मध्ये आलेलं मॅजिस्क आज रूटसाठी सर्वांत ओळखीचं साधन आहे. ते सिस्टिमला हातच लावत नाही. ते बूटची फाइल बदलतं आणि फोन चालू होताना वरून एक थर चढवतं. मॅजिस्कच्या मॉड्यूलने, म्हणजे त्याला जोडायच्या छोट्या पुरवणीने, 'काढलेलं' ॲप प्रत्यक्षात तिथेच असतं, फक्त झाकलेलं.

मावसभाऊ हे ऐकून जरा वेळ गप्प बसला. मग त्याने नेमका प्रश्न विचारला: "मग ताई, लोक रूट करतात कशाला?"

कारणं आहेत, आणि चांगली आहेत. प्रत्येक ॲपचा डेटासकट पूर्ण बॅकअप घेता येतो. फोनमधली कुठली ॲप्स इंटरनेटला जाऊ शकतात हे मुळापासून ठरवता येतं. प्रोसेसर किती पळवायचा, बॅटरी किती टक्क्यांना चार्ज होणं थांबवायचं, हे हातात येतं. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनवर लिनिजओएससारखी सिस्टिम चढवून त्याला आणखी काही वर्षं वापरता येतं, आणि त्याला तर रूटही लागत नाही, बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना कुठली सिस्टिम सुरू होऊ द्यायची हे ठरवणारा भाग, उघडला की पुरतं. शिकण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. पण मावशीच्या तक्रारींत यातलं एकही कारण नव्हतं.

रूटची किंमत, या काउंटरवर

रूट करायचा तर आधी बूटलोडर अनलॉक करावा लागतो, आणि तो करताच फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. ही सुरक्षेची रचनाच आहे. चोरलेल्या फोनचा बूटलोडर उघडून कोणी आतला डेटा वाचू नये यासाठी ती केलेली आहे. म्हणजे गणपतीच्या आधी, मोदकांच्या ऑर्डरी चालू असताना, व्हॉट्सॲप नव्याने बसवायचं, सगळी बँक ॲप्स नव्याने, यूपीआयची नोंदणी नव्याने. सिमवरून एसएमएस जाऊन फोन आणि खातं पुन्हा जोडलं जातं, आणि बऱ्याच बँकांत अशा नव्या नोंदणीनंतर पहिले २४ तास पैसे पाठवण्याची मर्यादा खाली येते. नेमके त्याच आठवड्यात नारळवाल्याचे आणि गूळवाल्याचे पैसे द्यायचे होते.

हे एकदाचं झालं असतं. पुढचं रोजचं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेचे निर्देश काढले. रूट केलेला फोन ओळखून त्यावर ॲप बसू किंवा चालू न देण्याची सोय करता येईल का हे बँकांनी पाहावं, असं त्यात आहे. बँकांनी ते मनावर घेतलं. त्याशिवाय गूगलची प्ले इंटिग्रिटी नावाची तपासणी आहे, फोनशी छेडछाड झाली आहे का हे ती ॲपला सांगते. आधी तिच्या जागी सेफ्टीनेट होतं, ते २०२५ मध्ये पूर्ण बंद झालं. नवी तपासणी बूटलोडर उघडा आहे का हे बघते आणि कडक पातळीवर त्याचा पुरावा फोनच्या हार्डवेअरकडून मागते.

"पण रूट लपवता येतो," मावसभाऊ म्हणाला. येतो. मी कामात रोज बघते. आज लपतो, पुढच्या महिन्यात फोनमधल्या गूगलच्या प्ले सर्व्हिसेस अपडेट होतात आणि उघडा पडतो, मग नवं मॉड्यूल शोधायचं, ते कोणी बनवलं हे माहीत नसताना त्याला फोनची संपूर्ण सत्ता द्यायची. हौशी माणसाला हा खेळ परवडतो. मावशीचं बँक ॲप दुपारी एक वाजता "हा फोन सुरक्षित नाही" म्हणून बंद झालं, तर मुलगा कॉलेजात असेल आणि मी अंधेरीला ऑफिसात. तिला तिथल्या तिथे काही करता येणार नाही. माझ्या मते या प्रकरणाचा निकाल याच एका मुद्द्यावर लागला. ज्या फोनवर घर चालतं, तो बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस त्याच्या मालकाजवळ असायला हवा.

चोरीचाही विचार केला. हा फोन दिवसभर काउंटरवर उघड्यावर असतो, आणि सामानासाठी दादरला जाताना लोकलच्या गर्दीत. बूटलोडर बंद असला की चोराच्या हाती फक्त एक कुलूपबंद वस्तू लागते. उघडा असला की तो त्यावर स्वतःची सिस्टिम चढवायचा प्रयत्न करू शकतो. फोनची वॉरंटी संपलेली होती, त्यामुळे तो मुद्दा बाद झाला. कोणाचा सॅमसंग असेल तर एक गोष्ट लक्षात घ्यावी: बूटलोडर उघडून दुसरी फाइल चढवली की त्यातल्या नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेचा फ्यूज कायमचा उडतो, आणि नंतर सगळं मूळपदावर आणलं तरी सिक्युअर फोल्डर हा खासगी गोष्टींचा कुलूपबंद कप्पा परत चालत नाही.

रूट नाही, हे त्या संध्याकाळी ठरलं. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात पिन सांगून फोन ठेवून यायचा आणि दुसऱ्या दिवशी न्यायचा, हा विचार तर मी ऐकूनही घेतला नाही. बँक ॲप असलेला उघडा फोन रात्रभर परक्याच्या हाती देऊ नये, काम कितीही साधं असो.

मग केलं काय

आधी कॉम्प्युटरशिवाय जेवढं होतं तेवढं. व्हॉट्सॲपमधलं 'मीडिया आपोआप डाउनलोड' बंद केलं आणि त्याच्याच स्टोरेजच्या पानावरून जुने पुढे पाठवलेले व्हिडिओ मावशीने स्वतः बसून पुसले. दोन रात्री टीव्ही बघताबघता ती ते करत होती. जवळजवळ १५ जीबी मोकळे झाले. लॉक स्क्रीनची चित्रं सेटिंग्जमधून बंद झाली. कंपनीच्या ॲप स्टोअरच्या, थीमच्या आणि ब्राउझरच्या सूचना एकेक करून बंद केल्या. ज्यांना 'डिसेबल'चं बटण होतं ती ॲप्स डिसेबल केली. असं केलं की त्यांची अपडेट्स पुसता येतात, ॲप पार्श्वभूमीला चालत नाही आणि यादीतून दिसेनासं होतं. खरं सांगायचं तर मावशीचं निम्मं दुखणं इथेच थांबलं.

ज्यांचं डिसेबलचं बटण राखाडी करून ठेवलेलं होतं त्यांच्यासाठी रविवारी दुपारी, केंद्र बंद झाल्यावर, लॅपटॉप काढला. रूट न करता अशी ॲप्स दूर करायचा मार्ग म्हणजे एडीबी, कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायचं साधन. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डिबगिंग चालू करायचं. पहिली अडचण भलतीच आली: लॅपटॉपला फोन दिसेना. मावशीची केबल फक्त चार्जिंगची होती, तिच्यातून डेटा जात नव्हता. दुसरी केबल लावल्यावर फोनच्या पडद्यावर लांबलचक आकडे-अक्षरांची ओळख आणि "या कॉम्प्युटरला परवानगी द्यायची?" असा प्रश्न आला. मी मावशीला तो वाचायला लावला. हा प्रश्न कधीही, कुठेही, कोणी लांबून सांगतंय म्हणून 'होय' करायचा नाही, हे तिला तिथेच सांगितलं.

मग कामाची आज्ञा: पीएम अनइन्स्टॉल, पुढे यूजर शून्य, पुढे पॅकेजचं नाव, म्हणजे फोन त्या ॲपला आतून ज्या नावाने ओळखतो ते. 'यूजर शून्य' म्हणजे फोनचा पहिला आणि सहसा एकमेव वापरकर्ता. ॲप सिस्टिममध्ये राहतं, या वापरकर्त्यापुरतं नाहीसं होतं, आणि डेटाच्या हद्दीतली त्याची साठवलेली माहिती व कॅश जाते. फॅक्टरी रीसेट केला की सगळं परत येतं. तेवढं करायचं नसेल तर एकेक पॅकेज 'इन्स्टॉल एक्झिस्टिंग' या आज्ञेने क्षणात परत आणता येतं. बूटलोडर बंदच राहतो आणि बँकेच्या ॲपच्या लेखी फोन जसाच्या तसा असतो.

कुठलं पॅकेज काय करतं हे बघायला युनिव्हर्सल अँड्रॉइड डिब्लोटर हे नको असलेली ॲप्स काढायचं साधन वापरलं. त्यात पॅकेजेसची चार गटांत वर्गवारी आहे: रेकमेंडेड, ॲडव्हान्स्ड, एक्सपर्ट आणि अनसेफ. आम्ही पहिल्या गटाच्या बाहेर गेलो नाही. हा मार्ग रूटपेक्षा सौम्य आहे, पण निर्धोक नाही. शाओमीच्या काही फोनांत हरवलेला फोन शोधण्याचं पॅकेज काढलं की फोन सुरूच होत नाही, लोगोवरच अडकतो, आणि मग रीसेटला पर्याय उरत नाही. नाव ओळखीचं वाटत नाही म्हणून पॅकेज उडवायचं नसतं.

मावसभाऊ आज्ञा देत होता आणि मावशी डब्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक पॅकेजचं नाव देवनागरीत लिहून घेत होती. चार-पाच काढली की फोन बंद करून चालू करायचा, कॉल लावायचा, एक रुपया पाठवून बघायचा, कॅमेरा उघडायचा, मगच पुढची. लॉक स्क्रीनच्या चित्रांचं मूळ ॲप गेलं. गेम सुचवणारं गेलं. जाहिराती पुरवणारी सेवा गेली. फेसबुक मावशीने कधी वापरलंच नव्हतं. तरी बऱ्याच फोनांत असतात तशी त्याची तीन लपलेली पॅकेजेस आत होती, ॲपच्या चिन्हाशिवाय. तीही गेली.

कंपनीची गॅलरी काढून पाहायचं ठरलं, परत आणता येतं की नाही याचीही खात्री व्हावी म्हणून. फोटो शाबूत राहिले, पण कॅमेऱ्यात फोटो काढून कोपऱ्यातल्या चौकोनावर बोट ठेवलं की काहीच उघडेना. मावशीला मोदकांचा फोटो काढून तिथूनच गिऱ्हाइकाला पाठवायची सवय. गॅलरी लगेच परत आणली, चौकोन पुन्हा चालू लागला, वहीतल्या त्या नावावर तिने काट मारली. माझ्यासाठी त्या दुपारचा हा सर्वांत मोलाचा भाग होता, कारण एक पाऊल मागे घेता येतं हे मावशीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिची भीती गेली.

शेवटी यूएसबी डिबगिंग बंद, कॉम्प्युटरला दिलेली परवानगी रद्द, डेव्हलपर ऑप्शन्सही बंद. हे विसरायचं नाही. काही बँक ॲप्स डेव्हलपर ऑप्शन्स नुसते चालू दिसले तरी अडून बसतात.

काय सुटलं, काय नाही

फोन नवा झाला नाही. ४ जीबी रॅम ४ च राहिली. पण लॉक स्क्रीन शांत झाली, जागेची बोंब थांबली, पेमेंटचं ॲप रांग असतानाही वेळेवर उघडायला लागलं. मोदकांच्या ऑर्डरी याच फोनवर निभावल्या. पुढे सिस्टिम अपडेटनंतर काढलेली दोन पॅकेजेस परत आली. मावसभावाने वहीतलं पान बघून ती पुन्हा काढली, मला विचारावंही लागलं नाही.

कंपनीचं ॲप स्टोअर मात्र आम्ही सोडून दिलं, फक्त त्याच्या सूचना बंद केल्या. ते काढल्यावर आतली काही अपडेट्स अडतात असं मी इतर फोनांवर पाहिलं आहे. हे मला आजही खटकतं. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतली नको ती गोष्ट काढायला माणसाला डिप्लोमाचा मुलगा आणि लॅपटॉप का लागावा? आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, तेव्हा गूगलने आपली आधीपासून बसवलेली ॲप्स वापरकर्त्याला काढू द्यावीत असाही आदेश दिला होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि नेमका तो आदेश रद्द केला. युरोपात मोठ्या कंपन्यांवर ही सक्ती डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मार्च २०२४ पासून आहे. २०२५ च्या डिसेंबरात संचार साथी हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनवर आधीच बसवण्याचा सरकारी आदेश गाजला. लोकांनी विरोध केला आणि तो काही दिवसांतच मागे घेतला गेला. लोक बोलले की फरक पडतो, हे त्यातून दिसलं. फोन बनवणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या ॲप्सबद्दल मात्र आपण अजून पुरेसं बोललेलो नाही.

मावसभावाची हौस वाया जाऊ दिली नाही. घरात कपाटात एक जुना फोन होता. सिम काढलेलं, अपडेट्स कधीच थांबलेली, आणि बूटलोडर उघडायची परवानगी त्याची कंपनी अधिकृतपणे देते. त्यावर तो आता मॅजिस्क चढवतो, उतरवतो, दोनदा लोगोवर अडकवून पुन्हा जिवंत करून झालाय. त्या फोनवर एकही बँक ॲप टाकायचं नाही, एवढी एकच अट मावशीने घातली आहे.

आणि पुढचा फोन घेताना दुकानात काय विचारायचं तेही वहीच्या त्याच पानावर लिहिलंय: १२८ जीबी आहे का, सुरक्षेची अपडेट्स किती वर्षं मिळणार, आणि दुकानात ठेवलेल्या फोनवर ॲपला दाबून धरलं की 'अनइन्स्टॉल' किती ॲप्सना दिसतं. तिसरं ती विक्रेत्याला विचारणार नाही म्हणते, स्वतःच बोट ठेवून बघणार आहे.